सही करण्याआधी

तीन पानांचा कागद होता, इंग्रजीत टाइप केलेला. शेवटच्या पानावर तिच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली होती, सही कुठे करायची ते कळावं म्हणून. धाकटा दीर तो गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगाच्या कचेरीत देऊन गेला होता आणि भेटीच्या वेळी तिला म्हणाला होता, "वयनी, घराचं कोणीतरी बघायला नको? एवढी सही करून दे, मग तुझ्या डोक्याला ताप नाही." तिने मान डोलावली होती. सहीही झालीच असती. पण कचेरीतल्या बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवताना विचारलं, "यात काय लिहिलंय, माहीत आहे ना तुला?" ती म्हणाली, "घराचं काहीतरी." त्या बाईंनी पेन दिलं नाही. म्हणाल्या, "गुरुवारी त्या कायद्याच्या ताई येतात. त्यांना दाखव आधी."

त्या बाईंची आणि माझी आजवर धड ओळखही झालेली नाही. पण त्यांनी पेन दिलं नाही म्हणून एक घर राहिलं, हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं.

कायद्याच्या ताई म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाची पॅरालीगल व्हॉलंटिअर, लोकांना ती मदत मिळवून देणारी स्वयंसेविका. वकील नव्हे. आमच्याच डिचोली तालुक्यातली, पूर्वी अंगणवाडीत काम केलेली बाई. तिचा मला फोन आला तेव्हा मी कोर्टातून बाहेर पडून पायऱ्यांवर चपला घालत होते. "मॅडम, मुखत्यारपत्र आहे. विकायचा, हक्क सोडायचा, कर्ज काढायचा, सगळा अधिकार दिराला. घर नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा वारलाय." मी विचारलं, "सही झाली?" ती म्हणाली, "नाही." मी तिथेच पायरीवर बसले.

पुढचं सगळं मी आतल्या त्या बाईच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, वय आणि तिच्यावर कुठल्या गुन्ह्याचा आरोप आहे ते गाळलं आहे. तो खटला वेगळ्या कोर्टात चालू आहे, त्याचा वकील वेगळा आहे, आणि त्याचा या घराशी काडीचा संबंध नाही. नेमकं हेच लोकांना पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मी दिवाणी वकील. सव्वीस वर्षं डिचोली आणि म्हापशाच्या कोर्टांत इन्व्हेंटरी (मेलेल्या माणसाच्या मालमत्तेची कोर्टातली यादी आणि वाटणी), मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे), वाटे, पायवाटांचे तंटे हेच करते आहे. आमच्या धंद्यात एक न बोललेली वाटणी आहे: तुरुंगात जाणारे वकील वेगळे, घरादाराचे वकील वेगळे. आत असलेल्या माणसाला वकील म्हटलं की जामीन, तारीख, साक्षीदार. तसं व्हायला कारणंही आहेत. १९७९ साली हुसैनआरा खातूनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आले ते बिहारमधले वर्षानुवर्षं खटल्याविना कुजत पडलेले कैदी. १९८३ साली पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून आदेश झाले ते मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांच्या मारहाणीवरून. जिवावर बेतलेलं आधी बघायला हवं, हे कोणीही मान्य करील. पण त्यामुळे एक समजूत घट्ट झाली, की आतल्या बाईला कायद्याची गरज म्हणजे फौजदारी कायद्याचीच गरज. तिचं घर, तिचं मूल, तिचं बँकेचं पुस्तक, नवऱ्याने घातलेला घटस्फोटाचा दावा, हे सगळं जणू ती आत गेली तेव्हा फाटकाबाहेर थांबलं आणि ती येईपर्यंत तसंच उभं राहणार आहे.

काहीच थांबत नाही. गोव्यात तर मुळीच नाही. ते का, ते सांगते.

आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून लागू आहे, आणि तिच्यातलं वारशाचं प्रकरण आता २०१२ च्या गोव्याच्या वारसाहक्क कायद्यात आलं आहे. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल (आणि आमच्या गावांत असा करार कोण करतो?) तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते. त्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा. नवरा मेल्यावर मिळणारा नव्हे, तो जिवंत असतानाचाच. म्हणून नवऱ्याला एकट्याने घर विकता येत नाही, विक्रीखतावर दोघांची सही लागते. इतर राज्यांतल्या माझ्या मैत्रिणींना याचा हेवा वाटतो, आणि वाटावाच.

पण बायको तुरुंगात असेल तर या चांगल्या कायद्याचीच एक वाईट बाजू पुढे येते. तिच्या सहीला किंमत असते. जी सही नको असते तिच्या मागे कोणी लागत नाही. इथे लागतात. सहा महिने कोणी भेटायला आलेलं नसतं आणि एके दिवशी दीर येतो, नणंदेचा नवरा येतो, कधी स्वतःचा नवराही येतो, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने तर सोयच करून ठेवली आहे. कलम ३३ म्हणतं, तुरुंगात असलेल्या माणसाला मुखत्यारपत्रासाठी नोंदणी कचेरीत जायची गरज नाही. ज्याने हे लिहिलं त्याने कैद्याची अडचण दूर करण्यासाठीच लिहिलं, यात शंका नाही. मात्र आतल्या बाईला तो कागद वाचून दाखवणारं कोणी हवं, याची सोय त्या कलमात नाही. ती दुसऱ्या कायद्यात आहे, आणि तो कायदा तिला कोणी सांगितलेला नसतो.

म्हापशाहून पेडण्याच्या बाजूला जाणाऱ्या बसने कोलवाळ फार लांब नाही. हा मध्यवर्ती तुरुंग २०१५ मध्ये सुरू झाला, आग्वादचा बंद झाला त्या वर्षी. मी गेले तेव्हा वैशाखातली दुपार होती. फाटकावर मोबाइल, पर्स, पाण्याची बाटलीसुद्धा ठेवून घेतली. माझ्याकडे राहिली एक फाइल आणि वकालतनाम्याचा कोरा कागद.

ती समोर बसली. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. माझं नाव, मी कोण, हे सांगून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो कोकणीत: "म्हजें घर आसा न्हय गे बाय अजून?" माझं घर आहे ना गं अजून. मी म्हटलं, आहे. कालच आमची ताई बाहेरून बघून आली. दाराला कुलूप आहे, तुळशीला कोणीतरी पाणी घातलंय. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली.

मग दुसरा प्रश्न. "तुम्ही सरकारी वकील?"

हा प्रश्न मला प्रत्येक बाई विचारते. सरकारी वकील म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे येतो कोर्टात तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस. सरकारने दिलेला वकील आणि सरकारचा वकील यांतला फरक तिला कोणी सांगितलेला नसतो. मी सांगितलं: माझी फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, नकला, टायपिंग, भाषांतर, त्याचाही खर्च तुझ्याकडे नाही. मी तुझ्याकडून एक रुपया घेतला तर ती माझी चूक, त्याची तक्रार तू करायचीस. पण मी वकील तुझी. सरकारची नाही, पोलिसांची नाही आणि दिराचीही नाही.

"म्हणजे फुकट?" तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. फुकट मिळणाऱ्या वस्तूंचा तिचा आयुष्यभराचा अनुभव काय असेल, ते मला न सांगताही कळलं. मग मी कायदा सांगितला, जसा शाळेतल्या मुलीला सांगावा तसा. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ कलम आलं: गरिबीमुळे न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याचं कलम १२ म्हणजे कोणाला मदत मिळेल त्याची यादी. त्या यादीत 'स्त्री' आहे. कुठली स्त्री, किती उत्पन्नाची, असं पुढे काही नाही. नुसती स्त्री. आणि त्याच यादीत खाली 'कोठडीत असलेली व्यक्ती' आहे. "तू दोन दारांनी आत येतेस," मी म्हटलं.

आणि मदत कशाची? त्याच कायद्याची व्याख्या बघा: कोणत्याही कोर्टापुढचं, प्राधिकरणापुढचं किंवा न्यायाधिकरणापुढचं काम, आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला. जामीन असा वेगळा शब्द तिथे नाही. मामलेदारापुढचं मुंडकारीचं प्रकरण त्यात बसतं, पोटगी बसते, मुलाचा ताबा बसतो, इन्व्हेंटरी बसते. काम पाहून प्राधिकरण ठरवतं की दाव्यात वरवर तरी तथ्य आहे का. बस्स.

तिने वकालतनाम्यावर सही केली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं. तुरुंगाच्या कचेरीचा शिक्का, अधिकाऱ्याची सही, हे सोपस्कार होईपर्यंत ती मला घराची गोष्ट सांगत होती.

नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. लग्नानंतर तीन वर्षांनी दोघांनी जागा घेतली, थोडी थोडी करून घर बांधलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. आमच्या तालुक्यात त्या वर्षी किती ट्रक अंगणात उभे राहिले ते इथल्या माणसाला सांगायला नको. ट्रक विकला, कर्ज राहिलं, पुढे काही वर्षांनी तो आजारपणात गेला. घराचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद) त्याच्याच नावावर राहिला. हे आपल्याकडे घरोघरी असतं. मेलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर वीस वीस वर्षं राहतं, कारण ते काढायला वकील लागतो आणि वकील म्हणजे खर्च. एक मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची, आईला नेल्यावर मावशीकडे गेली. चावी दिराकडे.

"तो वाईट माणूस नाही, बाय," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "गेल्या पावसाआधी त्याने छपराचे नळे परतून घेतले. स्वतःच्या पैशाने."

मी ते लिहून घेतलं. ते पुढे कामाला येईल हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

कायद्याने पाहिलं तर त्या घरात दिराचा कवडीचाही हक्क नव्हता. अर्धं घर तिचं. उरलेलं अर्धं नवऱ्याचं, ते त्याच्या मुलीचं. मूल असताना भावाचा नंबरच लागत नाही. शिवाय नवरा गेल्यावर त्या मालमत्तेचा कारभार बघायचा मान कायद्याने पहिला जिवंत राहिलेल्या जोडीदाराचा. म्हणजे ती कोलवाळला आत बसलेली असतानाही त्या घराची कर्ती तीच होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. "कर्ती मीच."

आता तो कागद काय करणार होता, तेही सांगते. मुखत्यारपत्र हातात आलं की दीर तिच्या वतीने तिचा हक्क विकू किंवा सोडू शकला असता. ती आतून बाहेर येईपर्यंत उताऱ्यावरचं नाव बदललेलं असतं, आणि मग दिवाणी कोर्टात "मला फसवून सही घेतली" हे सिद्ध करत तिची दहा वर्षं गेली असती. सही होण्याआधीचं वकिलाचं काम एका दुपारचं असतं. सही झाल्यानंतरचं एका पिढीचं. मी दोन्ही कामं केली आहेत.

आणि एकदा मी काहीच केलेलं नाही, तेही इथे लिहायला हवं.

या गोष्टीच्या काही वर्षं आधी मी त्याच महिला विभागात कायदाविषयक जागृतीच्या कार्यक्रमाला गेले होते. पाऊण तास बोलले. हक्क, कलमं, घटना. नंतर एक म्हातारीशी बाई जवळ आली आणि म्हणाली, "माझी खोली भाटकाराच्या जागेत आहे. लोक सांगतात, तू तिथे राहत नाहीस तर आता ती तुझी नाही." मला तेव्हाच कळायला हवं होतं, हे १९७५ च्या मुंडकार कायद्याचं सरळ प्रकरण होतं, माझ्या रोजच्या कामातलं. पण मी कार्यक्रमाला आले होते, बाहेर गाडी थांबली होती. मी म्हटलं, "तुमच्या वकिलांना विचारा." तिचा वकील फौजदारी. त्याने काय सांगितलं असेल ते मी आज अंदाजाने सांगू शकते: हे माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ती सुटून गेली होती. कुठे गेली ते कोणाला सांगता आलं नाही. तिची खोली राहिली की गेली, मला माहीत नाही. त्यानंतर मी प्राधिकरणाला लिहून दिलं की दिवाणी कामासाठी मला आत पाठवा.

दुसरी एक बाई, सत्तरी तालुक्याच्या बाजूची. तिची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात एक तांत्रिक मुद्दा आहे जो वकिलांनीही वाचावा.

ती चार वर्षांहून जास्त काळ आत होती, खटला चालू, शिक्षा झालेली नव्हती. जामिनावर सुटली आणि मुलाच्या शाळेसाठी लग्नाचा दाखला काढायला नागरी नोंदणी कचेरीत गेली. तिथे तिला कळलं की तिचा घटस्फोट झाला आहे. नोंदीवर तसा शेरा होता. नवऱ्याने दावा घातला होता, कारण दिलं होतं की बायको तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. पत्ता दिला होता सासरचा. समन्स सासरी गेलं, सासूने घेतलं, तारखा झाल्या, एकतर्फी हुकूम झाला, मुलाचा ताबा बापाला. पोलिसांच्या गाडीतून गेलेल्या बाईला घर सोडून गेली म्हणायचं, आणि ती कुठे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असताना समन्स तिच्या रिकाम्या खाटेच्या पत्त्यावर पाठवायचं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत याला स्पष्ट उत्तर आहे. प्रतिवादी तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं, त्याने ते तिच्या हातात द्यायचं. आदेश ५, नियम २४. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला मुदत तीस दिवसांची. पण समन्स नीट बजावलेलंच नसेल तर ते तीस दिवस हुकूम कळल्याच्या दिवसापासून मोजायचे. तिला कोणीतरी सांगितलं होतं, "हुकमाला वर्ष झालं, आता काही होत नाही." ती तीन आठवडे भावाच्या घरी रडत बसली. मग भावजय तिला घेऊन प्राधिकरणाच्या कचेरीत आली. नोंदणी कचेरीत गेल्याला त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते. सत्ताविसाव्या दिवशी अर्ज पडला. तो हुकूम पुढे रद्द झाला आणि दावा पहिल्यापासून सुरू झाला. निकाल काय लागेल तो लागो, या वेळी ती कोर्टात उभी आहे.

मुदतीचं मी वेगळं सांगते, कारण यात बायकांचं फार नुकसान होतं. १९६३ च्या मुदत कायद्यात अज्ञान मुलाला आणि मानसिक दृष्ट्या अक्षम माणसाला सवलत आहे, त्यांच्यासाठी घड्याळ थांबतं. तुरुंगातल्या माणसासाठी थांबत नाही. अपील, अर्ज यांना उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण मूळ दाव्याची मुदत गेली की गेली. म्हणून "सुटल्यावर बघू" हा सल्ला मी आता कोणालाही देत नाही, आणि दुसऱ्याने दिला तर मला राग येतो. चांगल्या मनाची माणसंही तो देतात. "आधी बाहेर ये, मग घराचं बघू." तोवर घराची मुदत संपलेली असते.

बाकी बारीकसारीक कागद तर किती सांगू. आत गेल्यावर मोबाइलचं सिम तीन महिने वापरात नसलं की नंबर जाऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणालातरी मिळतो. बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे. खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय. विधवा म्हणून दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळत असतील तर वर्षाचा हयातीचा दाखला देता येत नाही आणि पैसे थांबतात. जिवंत आहे याचा पुरावा द्यायला ती आतून कशी येणार? यांतलं एकही काम मोठ्या कोर्टाचं नाही. एक अर्ज, एक पत्र, तुरुंगाच्या कचेरीचा एक दाखला. आमची अंगणवाडीवाली ताई ही कामं माझ्यापेक्षा चांगली करते, कारण कुठल्या खिडकीवर कुठल्या वेळी जायचं ते तिला माहीत असतं.

आणि मुलं. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ आत राहू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ साली घालून दिलं. त्याच निकालात हेही आहे की तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही. सहावं वर्ष जवळ येऊ लागलं की त्या आईची झोप उडते. मूल नवऱ्याकडे जाणार, माहेरी जाणार की संस्थेत, हे ठरवताना तिला विचारलं जावं, तिचं म्हणणं लेखी बालकल्याण समितीपुढे जावं, यासाठी वकील लागतो. अटक झाली म्हणून आईपण कायद्याने जात नाही. हे वाक्य मी आत जितक्या वेळा उच्चारलं आहे तितकं दुसरं कुठलंच नसेल.

पहिल्या बाईकडे परत येते.

आम्ही तिच्या वतीने इन्व्हेंटरीचा अर्ज डिचोलीच्या कोर्टात घातला. कागदपत्रांची अडचण होती, घराला तर दिराचं कुलूप. मावशीकडून मुलगी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आईला नेलं त्या संध्याकाळी तिने दप्तरातली पुस्तकं काढून हा डबा दप्तरात घातला होता. सोळा वर्षांची पोर. आत पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, एकाही वर्षाचा खंड नाही, नवरा गेल्यानंतरच्या सगळ्या बाईने स्वतः भरलेल्या. वीजबिलं. लग्नाच्या नोंदणीची नक्कल, दोन्ही सह्यांच्या तारखांसकट. जागा घेतल्याचं खत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी इतकी वर्षं इन्व्हेंटरी चालवते, इतका नीट ठेवलेला संच माझ्याकडे शिकलेल्या पक्षकारांनीही आणलेला नाही.

सात महिन्यांनी ती जामिनावर बाहेर आली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेर पडल्यावर कलम १२ मधलं 'कोठडीत असलेली व्यक्ती' हे एक दार बंद होतं. 'स्त्री' हे दार उघडंच राहतं. सुटलेल्या बायकांना वाटतं की मोफत वकील आपण आत असेपर्यंतच. तसं नाही. चालू काम चालू राहतं, नवं कामही घेता येतं. नवऱ्याच्या घरात शिरू देत नसतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली निवासाचा आदेश मागता येतो, तोही मोफत. १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो, आणि तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. फोन करणारी बाई घाबरलेली असली तर शेजारणीने, भावजयीने, कोणीही करावा.

आमच्या बाईला कुठलाच आदेश मागावा लागला नाही. मी दिराला एक पत्र पाठवलं होतं, धमकीचं नव्हे, साधं: घर कोणाचं, कायदा काय, आणि चावी कोणाकडे द्यायची. तो वॉर्डाच्या पंचाबरोबर मावशीच्या दारात आला आणि चावी ओट्यावर ठेवून काही न बोलता गेला. ती दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर घरी गेली. शेजारणीने आधीच अंगण झाडून ठेवलं होतं. तुळशीला पाणी कोण घालत होतं तेही मग कळलं.

कर्ती म्हणून तिला कोर्टात शपथेवर मालमत्तेचं निवेदन द्यायचं होतं. काय काय आहे, कोणाचं देणं आहे, वारस कोण. आदल्या दिवशी माझ्या कचेरीत बसून आम्ही यादी करत होतो. घर, जागा, दोन माड, एक फणस. देणी विचारली तेव्हा ती म्हणाली, "नळ्यांचे पैसे."

मी म्हटलं, कुठल्या नळ्यांचे?

"दिराने परतून घेतले त्याचे. ते त्याचे त्याला मिळायला हवेत. लिहा ते."

मी तिला समजावलं की त्याने पावती दाखवलेली नाही, मागितलेलेही नाहीत, आणि तो तुझं घर लिहून घ्यायला निघाला होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते वेगळं, हे वेगळं. माझं घर गळलं नाही ना त्या पावसात."

देण्यांच्या रकान्यात आम्ही ते लिहिलं. दिराला कोर्टाची नोटीस जाईल, त्याने रक्कम सांगायची. मुलगी अजून अल्पवयीन असल्यामुळे तिच्या वाट्याकडे कोर्टाचं वेगळं लक्ष आहे, त्यात थोडा वेळ जाईल. मग उताऱ्यावर दोघींची नावं चढायची. पुढची तारीख महिन्याच्या १८ ची आहे, सकाळची. ती डबा घेऊन येणार आहे. सगळ्या नकला आता माझ्या फाइलीत आहेत, डबा आणायची गरज नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं आहे.